शिलाईत माया उरली नाही!

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. सीना नदीला पूर आला होता, सोलापूर-धाराशिवकडची गावं पाण्यात होती. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडला, ‘पूरग्रस्तांसाठी जुने कपडे द्या. गाडी रात्री आठला निघणार.’ माझी रूममेट एकदम खूश. म्हणाली, ‘बरं झालं! तुझा तो ढीग एकदाचा हलेल.’

ढीग म्हणजे मला न होणारे कपडे. मोजले तर चौदा निघाले. तीन जीन्स, पाच टॉप, चार कुर्ते, एक फ्रॉक आणि बारावीच्या सेंड-ऑफला घातलेला एक चकचकीत ड्रेस. कोविडचं ऑनलाइन कॉलेज, मग मेसचं जेवण, मग इंटर्नशिपच्या डेडलाइन्स. या सगळ्यात माझं माप दोन साइझने पुढे सरकलं. कपडे मात्र तिथेच राहिले. पिशवी भरली, गाठ मारली आणि दारापर्यंत जाऊन थांबले. कारण अशी पिशवी उघडण्याच्या बाजूला मी एकदा बसलेले आहे.

पिशवीच्या पलीकडे

ऑगस्ट २०१९. आम्ही सांगलीचे. मी दहावीत होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या घराचा तळमजला पूर्ण पाण्यात होता. आम्ही वरच्या भागातल्या एका मंगल कार्यालयात आठ दिवस काढले. मदत खूप आली. भाकरी आली, पाणी आलं, औषधं आली. अनोळखी लोकांनी पदरमोड करून पाठवलेली ती मदत मी कधी विसरणार नाही.

आणि कपडेही आले. पोत्यांनी आले. पोतं उघडलं की सगळ्या बायका हात घालायच्या आणि थोड्या वेळाने हात बाहेर काढायच्या. लग्नातला शेरवानी, टिकल्यांचा टॉप, चेन तुटलेली जीन्स, दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचे ब्लाउज. आईला साडी मिळाली, पण मापाचा ब्लाउज काही मिळाला नाही. चार दिवस ती बाबांच्या शर्टावर साडी नेसून होती. आम्हाला हवे होते गाऊन, टॉवेल, चादरी, नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला चिखलाचे ढीग पडले, त्यात कपडेही होते. त्यातले आमच्या घरातून वाहून गेलेले कुठले आणि मदतीत आलेले कुठले, हे ओळखू येत नव्हतं.

म्हणून मी पिशवीची गाठ सोडली. मला न होणारी, मांडीवर उसवलेली जीन्स धाराशिवमधल्या कुठल्या मुलीला होणार होती? ती मदत नव्हती. माझा कचरा मी दुसऱ्या जिल्ह्यात पाठवत होते, तेही ‘थँक यू’ ऐकून घेत.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदतीचे ढीगभर कपडे निरुपयोगी म्हणून रस्त्याकडेला पडून होते. ‘गूंज’ या संस्थेने ते उचलून, निवडून वापरात आणले. अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये सुरू केलेल्या या संस्थेच्या कामासाठी त्यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गूंजची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तिथे आलेला कपडा आधी निवडला जातो, मापाप्रमाणे लावला जातो आणि जिथे लागेल तिथेच जातो. जो घालण्यालायक नाही त्याच्या गोधड्या किंवा कापडी पॅड होतात. गावकरी विहीर, रस्ता असं गावाचं काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. भीक म्हणून नाही. म्हणजे खरं काम सुरू होतं ते आपण पिशवी देऊन मोकळे झाल्यानंतर.

भांडीवाल्या मावशी ते पानिपत

मग या कपड्यांचं करायचं काय? मोठे आकडे बघितले तर प्रश्नाचा अंदाज येतो. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२च्या अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापडकचरा जमा होतो. जगातल्या एकूण कापडकचऱ्याच्या हा साधारण साडेआठ टक्के. परदेशातून येणारा माल त्यात फक्त सात टक्के आहे. निम्म्याहून थोडा जास्त वाटा आपल्या घरांतून, म्हणजे तुमच्या-माझ्या कपाटातून निघतो.

पण याच अहवालातली दुसरी गोष्ट चांगली आहे. या कचऱ्यातला जवळपास ५९ टक्के भाग कुठल्या ना कुठल्या रूपात पुन्हा वापरला जातो. हे काम कुठलं अ‍ॅप करत नाही. ते करणारी माणसं आपल्या आईच्या चांगल्या ओळखीची आहेत.

पहिली बोहारीण, आपल्या भांडीवाल्या मावशी. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्याला गाठोडं. आई आणि त्यांच्यातली घासाघीस म्हणजे दुपारचा पूर्ण शो असायचा. ‘एवढ्या साड्यांना नुसतं पातेलं? झाकण तरी द्या!’ आपल्याला वाटायचं त्या चिंध्या गोळा करतात. प्रत्यक्षात त्या प्रत्येक कपडा उजेडात धरून बघतात. कॉलर, काख, चेन, डाग. चाललं तर ठेवतात, नाही तर सरळ परत करतात. पुढे तो कपडा धुऊन, शिवून, इस्त्री होऊन जुन्या बाजारात जातो आणि तिथे कुणीतरी तो स्वतः निवडून, भाव करून विकत घेतं. अंगावर चढवण्यालायक नसलेला सुती कपडा गॅरेज आणि कारखान्यांत पुसायचं फडकं होतो. आता आमच्या सोसायटीच्या गेटवर ‘फेरीवाल्यांना सक्त मनाई’ अशी पाटी आहे. त्याच गेटमधून डिलिव्हरीवाले दिवसभर नवे कपडे आत आणतात.

दुसरं नाव पानिपत. मराठी माणसाला हे गाव १७६१साठी माहीत आहे. कापडवाल्यांना ते जुन्या कपड्यांची राजधानी म्हणून माहीत आहे. देशातले आणि परदेशातलेही जुने कपडे इथे येतात. बटणं, चेन कापून काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, यंत्रात पिंजून पुन्हा सूत काततात. रंग आधीच जुळवलेले असल्यामुळे बऱ्याचदा वेगळी रंगणी लागत नाही. लोकरी कपड्यांपासून इथे ‘शॉडी’ ब्लँकेटं बनतात. अनेक वर्षं जगभरच्या मदत संस्था आपत्तीच्या वेळी तीच वाटायच्या. पुढे स्वस्त आणि हलक्या पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांनी त्यांचा बाजार बराच खाल्ला.

आणि इथेच आपल्या पिढीच्या कपाटाची अडचण येते. माझ्या तीनही जीन्सच्या लेबलवर कॉटनसोबत पॉलिएस्टर आणि दोन-तीन टक्के इलॅस्टेन लिहिलंय. जीन्स ताणली जाते ती या इलॅस्टेनमुळे. पण धागे असे मिसळले की ते पुन्हा वेगळे करणं अवघड आणि महाग होतं. पिंजताना इलॅस्टेन त्रास देतं, पॉलिएस्टरचं फडकं पाणी नीट शोषत नाही. म्हणजे आजीची सुती साडी गोधडीपासून पोतेऱ्यापर्यंत चार जन्म घेते आणि माझा दोनशे नव्याण्णवचा टॉप एकाच जन्मात संपतो.

टेलरकाकांचा शब्द

चौदापैकी दोन कुर्ते मला मनापासून आवडायचे. ते घेऊन मी कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडे गेले. ‘काका, बाजूने थोडे सैल करून द्या ना.’ काकांनी एक कुर्ता उलटा केला, शिलाई बघितली आणि म्हणाले, ‘याच्यात माया आहे, होईल.’ मग माझा आवडता टॉप पाहिला. ‘यात मायाच नाही, बाळा. सोडू काय?’

शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. मला हा अर्थ बाविसाव्या वर्षी कळला! आईच्या ब्लाउजला आतून दोन-तीन शिलाया मारलेल्या असतात. अंग भरलं की एक उसवायची. शाळेचा युनिफॉर्म ‘वाढत्या अंगाचा’ घ्यायचे, फ्रॉकची खालची दुमड दरवर्षी सोडायचे. शिवणाऱ्याने आधीच गृहीत धरलेलं असायचं की माणूस वाढणार, सुटणार, बाळंत होणार, आजारपणात वाळणार. कपड्याने माणसाप्रमाणे बदलायचं.

रेडिमेडमध्ये हे उलटं झालंय. ओव्हरलॉकचं मशीन शिवता शिवताच कापडाची कड कापून टाकतं. आत उरते ती जेमतेम सेंटिमीटरभर पट्टी. हजारो नगांचा माल काढताना वाचलेलं प्रत्येक इंच कापड म्हणजे पैसे, हा हिशोब कंपनीच्या बाजूने बरोबरच आहे. पण त्याचा भुर्दंड आपण भरतो. शरीर थोडं बदललं की कपडा बाद. आणि वर असं वाटतं की चूक आपल्या शरीराची आहे.

माझ्याकडे अशी एक ‘गोल जीन्स’ होती. बारीक झाल्यावर घालायची म्हणून ठेवलेली. दर महिन्याला ट्राय करायची, गुडघ्याच्या वर अडकली की दिवसभर मूड ऑफ. मैत्रिणींना विचारलं तर जवळपास प्रत्येकीच्या कपाटात अशी एक जीन्स निघाली. मुलांकडेही असते, ते फक्त बोलत नाहीत.

स्वस्ताई कुणाच्या बाजूची?

आता जरा धोरणाकडे बघू. २२ सप्टेंबर २०२५पासून कपड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के आहे. म्हणजे आपण तरुण मंडळी ज्या रेंजमध्ये खरेदी करतो, ती सगळी ५ टक्क्यांत आली. खिशाला बरं वाटलं, मलाही वाटलं. सर्वसामान्य घरांना त्याचा फायदाच आहे. पण नवा कपडा स्वस्त होताना जुना दुरुस्त करणं स्वस्त झालं नाही. चारशेच्या टॉपला दीडशेची दुरुस्ती कोण करेल?

फ्रान्सने याच जागी बोट ठेवलं. तिथे २०२३पासून कपडे-चपला दुरुस्त केल्या तर बिलात ६ ते २५ युरोंची सूट मिळते. हा पैसा सरकारी तिजोरीतून येत नाही. कपडे विकणाऱ्या कंपन्यांनी भरलेल्या शुल्कातून तो येतो. न विकलेले कपडे नष्ट करायलाही तिथे कायद्याने बंदी आहे. युरोपीय संघात तर १ जानेवारी २०२५पासून कापडकचरा वेगळा गोळा करणं सदस्य देशांना बंधनकारक झालंय. आपल्याकडे प्लॅस्टिक, ई-कचरा, बॅटरी आणि टायर यांच्या उत्पादकांवर वापरानंतरची जबाबदारी टाकणारे नियम आहेत. कपडे मात्र या यादीत नाहीत. जुना कपडा सुक्या कचऱ्यात जातो आणि कचरावेचक मावशींच्या हातात पडतो.

अर्थात, फ्रान्सची नक्कल करून भागणार नाही. तिथे जे नव्याने उभं करावं लागतंय, ते आपल्याकडे आधीपासून आहे. भांडीवाल्या मावशी, जुना बाजार, कोपऱ्यावरचा टेलर. कंपन्यांकडून शुल्क घ्यायचंच असेल तर ते या माणसांपर्यंत पोहोचलं पाहिजे. सोसायट्यांनी महिन्यातून एक दिवस गेट उघडलं तरी सुरुवात होईल. त्यासाठी कायद्याचीही गरज नाही.

माझे चौदा

माझं काय झालं, तेही सांगते. दोन कुर्त्यांची माया सोडवली, दीडशे रुपयांत. एक टॉप आणि फ्रॉक मावसबहिणीला फोटो पाठवून, विचारून दिले. दोन टॉप ज्युनिअर्सनी होस्टेलवर येऊन घालून बघितले आणि नेले. उरलेले दोन सुती कुर्ते आणि एक धडकी जीन्स सांगलीला आईकडे दिली. तिथे भांडीवाल्या मावशी अजून येतात. त्यांनी जीन्स परतून परतून पाहिली आणि आईला एक चहाची गाळणी मिळाली. दोन टॉप आणि उसवलेली जीन्स यांना कुठेच जागा नव्हती. ते ‘कपडे’ अशी चिठ्ठी लावून, वेगळ्या पिशवीत सुक्या कचऱ्यात दिले. दान म्हणून नाही. सेंड-ऑफचा ड्रेस ठेवलाय. मला तो होत नाही आणि व्हावा अशी आता इच्छाही नाही, आठवण म्हणून राहू दे. राहिली गोल जीन्स. ती रूममेटला बरोब्बर बसली. ती रोज ती घालून माझ्यासमोरून फिरते, पण माझा मूड काही ऑफ होत नाही.

आणि त्या रात्री आठच्या गाडीत मी काय दिलं? चार नवे टॉवेल, दोन गाऊन आणि सॅनिटरी पॅडची सहा पाकिटं. ग्रुपवर एक मेसेजही टाकला, ‘कपडे देण्याआधी स्वतःला विचारा, हा आपल्या बहिणीला दिला असता का?’ दोघांनी थम्ब्स-अप दिला. एकाने विचारलं, ‘मग शेरवानी नको का?’

मी म्हटलं, नको रे बाबा.