फास्ट लोकल, स्लो मी

वसईहून चर्चगेट फास्ट. मी दारात, कानात सौरभ अभ्यंकर, अर्थात ‘१००आरबीएच’ (शंभर नाही हो, ‘सौ’ वाचा!). अमरावतीचा हा पठ्ठ्या बिनधास्त वऱ्हाडीत रॅप करतो. पुण्याच्या एमसी स्टॅनची हिंदी त्याच्या वस्तीतली. त्याच भाषेत २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला.

आणि आपण वसईकर? नालासोपारा-वसईच्या किंग्ज युनायटेडनं २०१९ मध्ये अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ मारलं. पाय आपले जगभर फेमस, जीभ मात्र गप्प!

माझंच घ्या. आजी घरात कादोडी बोलते. ऑफिसात तिचा फोन आला की मी चक्क पुस्तकी मराठीत उत्तरतो, तेही कुजबुजत.

काल गाडीत तिचा फोन आला. कादोडीत बोललो, मोठ्यानं. बाजूच्यानं वळून पाहिलं. बघू दे की!