कागद अनुस्वाराला विचारून घ्यावा

हाताने घडवलेल्या पुस्तकांचे आपल्याकडे जे कौतुक होते, त्यातील बहुतेक कागदाच्या स्पर्शाचे असते. कागद खरखरीत असावा, त्याच्या कडा ओबडधोबड असाव्यात, त्यात पाकळ्या नाहीतर गवताच्या काड्या दिसाव्यात, म्हणजे तो ‘हातकागद’ ठरला. खिळ्यांच्या छपाईपुरता तरी हा समज घातक आहे, असे आमचे मत आहे. कागद हाताला कसा लागतो याहून तो अक्षराशी कसा वागतो, हे आधी पाहावे.

आमचे हट्टा वसमत तालुक्यात, मराठवाड्यात. आणि हातकागदाची एक जुनी वस्ती याच मराठवाड्यात आहे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा उत्तरेतून आलेल्या कारागिरांनी येथे कागद करण्यास आरंभ केला, अशी परंपरा सांगतात. मात्र पोथ्या आणि दप्तरे ज्यावर लिहिली गेली, तो चांगला देशी कागद खरखरीत नव्हता. चिंध्या कुटून केलेला ताव वाळला की त्याला खळ देत आणि दगडाने घोटून गुळगुळीत करीत. बोरू अडखळू नये, पाणीदार शाई फुटू नये, यासाठी ही मेहनत होती. म्हणजे कागदी आधी लेखणीची गरज ओळखत होता.

आपणही तेच करावे. फक्त आता गरज खिळ्याची आहे. छपाईची शाई तेलकट असते, तिला इतकी खळ लागत नाही. खिळ्याला हवा असतो सपाट, किंचित मऊ आणि दाबाला दाद देणारा कागद. देवनागरीच्या बाबतीत तर येथे अर्थाचाच प्रश्न येतो. खडबडीत कागदाच्या खळग्यात एक बिंदू उमटला नाही, तर ‘रंगा’चा ‘रग’ होतो आणि ‘मंद’चा ‘मद’. रफार गळाला तर ‘कर्म’ ‘कम’ होऊन बसते. बिंदू उमटावा म्हणून दाब आणि शाई वाढवावी, तर ‘ब’चे पोट भरून जाते आणि ‘घ’-‘ध’ ओळखू येत नाहीत. रोमन लिपीसाठी निवडलेला जाडाभरडा कागद पाहून आपण भुलू नये, ते यासाठी. नमुना छापताना मोठे शीर्षक छापू नये. सर्वांत लहान खिळ्यातील, अनुस्वारांनी भरलेला परिच्छेद छापावा.

जाड हातकागदच वापरायचा असेल, तर तो ओलवून घ्यावा. ओल्या आणि कोऱ्या तावांची आलटूनपालटून थप्पी करून ती रात्रभर वजनाखाली ठेवली, की ओल सारखी मुरते. मग कमी शाईत, कमी दाबात ठसठशीत अक्षर उठते. काड्या-पाकळ्यांचा कागद मात्र लग्नपत्रिकेलाच ठेवावा. शिसे मऊ असते. कठीण काडीवर किंवा खड्यावर दाबले गेलेले खिळे कायमचे बोथट होतात, आणि नवे खिळे ओतून देणारे आता शोधूनही सापडणे कठीण. हळदीने रंगवलेल्या कागदाचा मोह आम्हां वसमतकडच्या लोकांना होणे स्वाभाविक आहे. पण हळदीचा रंग उजेडात उडतो आणि साबणाच्या हाताने लालसर होतो. पत्रिकेच्या कोपऱ्यावर हळदीचे बोट शोभते, पुस्तकाला ती शोभा दोन वर्षेही पुरत नाही.

टिकाऊपणाचा विचार सुंदरतेच्या आधी यावा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे अठराव्या शतकातील मोडी कागद आजही हाताळता येतात. उलट गेल्या शतकाच्या मध्यावर छापलेल्या कितीतरी कादंबऱ्यांची पाने दुमडताच तुटतात. कारण उघड आहे. सुती चिंध्यांचा तंतू लांब व चिवट असतो. स्वस्त लाकडी लगद्यात लिग्निन उरते, त्यावर तुरटी-राळेच्या खळीतील आम्लाची भर पडते, आणि कागद पिवळा व ठिसूळ होतो. गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात १९४० मध्ये उभ्या राहिलेल्या हातकागद संस्थेचे महत्त्व आम्हांला येथे वाटते. चिंधीचा कागद हा ग्रामोद्योग होता तसाच तो स्मरणाचाही उद्योग होता.

तरीही प्रत्येक पुस्तक हातकागदावर निघावे, असे आम्ही म्हणणार नाही. आम्लमुक्त असा चांगला गिरणीकागद वाईट हातकागदाहून केव्हाही श्रेयस्कर. फक्त त्याच्या तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवावी, म्हणजे पुस्तक सहज उघडते. कागदाच्या थाटापायी किंमत इतकी चढली की प्रत संग्राहकाच्या कपाटातच पोहोचते, तर खिळ्यांचा सारा खटाटोप कोणासाठी? कापूस पिकवणाऱ्या गावातल्या वाचनालयात ती प्रत यावी, शंभर हातांतून जावी, आणि पन्नास वर्षांनी कोणी उघडली तर तिच्यातला प्रत्येक अनुस्वार जागेवर सापडावा. कागद निवडताना आम्ही एवढीच कसोटी मानतो.