खळ्यावरचा ठसका



पिंगळीच्या शिवारात तुरीची मळणी सुरू झाली की घरोघरी कोरडा खोकला ऐकू येतो. पहिला उपाय भुशावरच करा. मळणीयंत्राशी काम करताना नाकातोंडाला उपरण्याची दुहेरी घडी बांधा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा.

रात्री झोपताना चमचाभर मध चाटावा, उबळ कमी होते. मात्र वर्षाच्या आतील बाळाला मध बोटभरसुद्धा देऊ नका, आजीबाईंनी आग्रह केला तरी! मधातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकते. ज्येष्ठमधाची कांडी चघळल्याने घसा ओला राहतो. रक्तदाब असणाऱ्याने ती रोज चघळू नये. वसमतची हळद दुधात घालून अवश्य घ्या, पण आराम ऊन दुधाचाच जास्त, असे माझे मत.

अडुळशाला शेळीही तोंड लावत नाही, पण त्याच्या पानातील व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्झिन हे औषध निघाले. ते कफ पातळ करणारे. म्हणून कोरड्या ठसक्याला अडुळशाचा काढा फारसा कामाचा नाही. गरोदर बाईने तर तो घेऊच नये.

फवारणीनंतर खोकला येऊन दम लागला, तर काढा उकळत बसू नका. औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. साधा वाटणारा खोकलाही दोन आठवड्यांत हटला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. थुंकीत रक्त दिसले, तर दोन आठवडेही थांबू नका.