सर्व्हर डाऊन, पण कोणासाठी?

"सर्व्हर डाऊन आसा गो माय, फाल्यां यो." गेल्या पावसाळ्यात पेडण्यातल्या एका कार्यालयात माझ्या आजीला हे वाक्य तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकावं लागलं. गुडघे दुखतात, बस तासाने एक, आणि दाखला तर हवाच. तिसऱ्या दिवशी घरी येऊन तिने विचारलं, "बाये, हो सर्व्हर रावता तरी खंय?" आम्ही हसलो. पण प्रश्न बरोबर होता. डिचोलीची माझी मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडेही तेच. ॲडमिशनच्या दिवसांत तर रोजचंच."

मी साहित्याची विद्यार्थिनी, तरी थोडं वाचून काढलं. यंत्र जिवंत आहे का हे पाहायची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे 'पिंग'. १९८३च्या डिसेंबरात माइक मूस या अमेरिकन प्रोग्रामरने ती लिहिली. एक छोटा संदेश पाठवायचा. उत्तर आलं की यंत्र चालू. पण यंत्र चालू म्हणजे काम चालू असं नाही. घरात दिवा जळतोय, पण दार उघडायला कोणी नाही, असंही होतं. म्हणून खरी देखरेख पुढचं विचारते: पान उघडतं का? लॉगिन होतं का? अर्ज जमा होतो का?

आणि हे विचारायचं कुठून? पणजीतल्या खोलीतून पणजीतल्याच सर्व्हरला विचारलं, तर पडद्यावर हिरवा दिवा दिसेल. मधली केबल तुटली असेल, तर पेडण्याच्या खिडकीवर मात्र शुकशुकाट. म्हणून माझं मत असं की तपासणी त्या खिडकीवरूनच झाली पाहिजे, जिथे आजी उभी आहे.

मग सतत विचारतच राहावं का? तेही नाही. १२ एप्रिल २०२५ला, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, देशभर यूपीआय अडखळलं. एनपीसीआयला कारण सापडलं ते असं: व्यवहार झाला की नाही हे विचारणाऱ्या बँकांच्या विनंत्यांचाच पूर आला होता. म्हणजे विचारण्यालाही बेत लागतो.

मित्रांनो, मागणी फार मोठी नाही. कुठली सेवा आत्ता चालू आहे, कुठली बंद, हे मोबाईलवर मराठी-कोंकणीत दिसावं. बंद असेल तर घरातून निघण्याआधी कळावं. आणि महिन्यातून किती तास बंद होती, याचा हिशेब सर्वांसमोर असावा. सर्व्हर बंद पडणारच, त्याला माझी हरकत नाही. यंत्र आहे ते. हरकत आहे ती याला, की बंद पडल्याची पहिली खबर रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला लागते.

आमच्या वाड्यावर एकदा दुपारची एंजलसची घंटा वाजली नाही. कोणी तक्रार केली नाही, अर्ज दिला नाही. पाचच मिनिटांत दोघं-तिघं चर्चकडे चालू लागले. घंटा वाजवणारे काका तापाने झोपून होते. न वाजलेली घंटा ऐकू येणं, देखरेख म्हणजे हेच तर.

आजीला दाखला चौथ्या खेपेला मिळाला. बसची आठ तिकिटं झाली. त्यांतली सहा फुकट गेली, आणि ती सहा कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत.