मूळ फोटो पुसू नका!

गॅदरिंग संपलं की हॉस्टेलमध्ये फोटोंचा महापूर येतो. रात्री दोन वाजता कुणीतरी लॅपटॉप उघडतं आणि 'शार्पनेस'चा स्लायडर शेवटपर्यंत ओढतं. चेहऱ्याभोवती पांढरी कडा, गालावर वाळूसारखे दाणे... आणि वरून कौतुक, "काय क्लॅरिटी आलीय राव!" वाईट म्हणजे तो फोटो त्याच नावाने सेव्ह होतो. मूळ फोटो गेला, कायमचा.

मुळात शार्पनिंग म्हणजे काय? 'अनशार्प मास्क' हे नाव डार्करूमच्या काळातलं. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्यावर ठेवून प्रिंट काढायचे. सॉफ्टवेअरही तेच करतं. मूळ चित्रातून धूसर प्रत वजा करायची आणि उरलेला फरक वाढवून परत मिसळायचा. कडेची गडद बाजू आणखी गडद होते, उजळ बाजू आणखी उजळ. डोळ्याला स्पष्ट वाटतं, पण कॅमेऱ्याने न टिपलेली माहिती येणार कुठून? उलट ० च्या खाली किंवा २५५ च्या वर गेलेले आकडे कापले जातात. शिवाय जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर्जा घसरतो तो वेगळाच.

म्हणून माझं मत असं, की एडिटिंग बिनधास्त करा, पण मूळ फाईलला हात लावू नका. लाइटरूम किंवा फुकटचं डार्कटेबल मूळ पिक्सेल तसेच ठेवून फक्त सूचना वेगळ्या लिहून ठेवतं. फोटोशॉपवाल्यांनी डुप्लिकेट लेयर घ्यावा आणि वेगळ्या नावाने सेव्ह करावं.

"एवढं जपून करायचंय काय?" असं कुणी विचारेल. हबल दुर्बिणीने १९९८ साली एचआर ८७९९ या ताऱ्याची चित्रं घेतली. ताऱ्याच्या झगझगाटात शेजारचं काही दिसलं नाही. २००८ साली दुसऱ्या दुर्बिणींनी त्याचे ग्रह शोधले. मग २००९ मध्ये नव्या पद्धतीने हबलचा जुना डेटा तपासला, तर त्यातला एक ग्रह तिथे आधीपासूनच होता! मूळ डेटा जपला होता, म्हणूनच हे जमलं.

आपल्या फोटोत ग्रह सापडणार नाही. पण मागच्या रांगेतल्या मेसच्या मावशी, फायनल इयरचे सीनियर... दहा वर्षांनी कुणीतरी त्यांचा चेहरा शोधेलच. तेव्हाचं सॉफ्टवेअर आजच्यापेक्षा हुशार असेल, पण त्याला द्यायला मूळ फोटो हवा ना!

मॅगझिन कमिटीला एकच विनंती. दरवर्षीचे मूळ फोटो हार्ड डिस्कवर घेऊन लायब्ररीत ठेवा. शार्पनिंग करा ते फक्त छपाईच्या प्रतीवर, आणि तेही अगदी शेवटी. बघा पटतंय का!