कार्ड आपले, माहिती कुणाची?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि तेव्हापासून "चांगला चालणारा लॅपटॉप टाकून द्यायचा का?" असे विचारणारे फोन मला येत आहेत. माझे उत्तर ठरलेले आहे: लिनक्स टाका. प्रोसेसर, डिस्क, पडदा यांची सहसा तक्रार नसते. घोडे अडते ते बहुधा वायफायच्या कार्डापाशी. आणि हा प्रश्न तांत्रिक कमी, मालकीचा जास्त आहे.

मी पीएच.डी. करत होतो तेव्हा लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत पीसीएमसीआयए कार्ड सरकवावे लागे. खोक्यावरच्या नावाला अर्थ नसे. एकाच नावाच्या दोन कार्डांत वेगवेगळ्या चिप निघत. एक लगेच चाले, दुसरे ढिम्म. म्हणून आजही मी आधी एलएसपीसीआय ही आज्ञा देऊन चिपचा क्रमांक पाहायला सांगतो. लिनक्स ड्रायव्हर निवडते ते त्या क्रमांकावरून, ब्रँडवरून नव्हे.

हे सारे चालू लागले ते कुणामुळे? नव्वदच्या दशकात डेव्हिड हाइंड्स यांनी या कार्डांसाठी लिनक्सची आज्ञावली लिहिली आणि अनेक वर्षे सांभाळली. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपची माहिती मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांच्या एका गटाने मूळ ड्रायव्हर उलगडून चिपचे वर्णन लिहिले आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर केला. २००६ मध्ये तो २.६.१७ या कर्नलमध्ये आला. कंपनीने नव्या चिपांसाठी स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला, तो २०१० मध्ये. तोवर आम्ही विद्यार्थी एनडिसरॅपर वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये घुसवत असू. तो चाले, पण बिघडला तर आत डोकावण्याची सोय नव्हती.

खुले म्हणजे कायमचे, असे मात्र नाही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ६.८ कर्नलमधून जुन्या वायफाय कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढले गेले. त्यांची देखभाल करणारे कुणी उरले नव्हते. मला त्यात गैर वाटत नाही. जुना कोड जागेवर आहे, गरज असेल त्याने तो उचलावा. बंद ड्रायव्हरच्या बाबतीत तेही शक्य नाही. आमच्या प्रयोगशाळेतले एक उत्तम उपकरण केवळ त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर बंद असल्यामुळे एका जुनाट विंडोज संगणकाला बांधलेले आहे. तो संगणक नेटवर्कला जोडणे धोक्याचे, म्हणून विद्यार्थी पेनड्राइव्हवर आकडे वाहून नेतात. उपकरण घेतले आहे करदात्यांच्या पैशाने.

आपल्यापैकी बरेच जण विद्यापीठांत, इस्पितळांत, सरकारी कचेऱ्यांत खरेदीच्या कागदांवर सह्या करतात. सहीआधी लेखी विचारा: ड्रायव्हरचा कोड किंवा चिपची कागदपत्रे मिळतील का? नकार आला तर तोही फाइलला लावा.

आणि सुट्टीत गावच्या शाळेसाठी लॅपटॉप नेणार असाल, तर निघण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. वायफाय लागते का, झाकण मिटून उघडल्यावर पुन्हा लागते का, हे तपासा. चिपचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या तळाशी चिकटवा. पुढे काही अडले तर तिथल्या शिक्षकांना शोध घ्यायला तोच उपयोगी पडेल.