पुसलं म्हणजे गेलं का?

आमच्या सारोळ्याच्या केंद्रात पूर्वी बायकांच्या तक्रारी वहीत असत. काम संपलं की वही चुलीत. मग देणगीतून कॉम्प्युटर आला, त्यावर लिनक्स, आणि वहीतली बाई फाइलीत गेली. तिचं नाव, माहेरचा पत्ता, कोणी कुठे मारलं, सध्या कोणाकडे राहते, सगळं.

मागच्या वर्षी तो जुना कॉम्प्युटर एका शाळेला द्यायचं ठरलं. "ताई, सगळं डिलीट केलंय," कार्यकर्ती म्हणाली. मीही मान डोलावली. आदल्या दिवशी एका मैत्रिणीच्या मुलाने सहज म्हणून फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. फाइलींची नावं गेली होती, पण अर्ज एकेक करून पडद्यावर परत आले. त्यातल्या एकीच्या दिराची मुलं त्याच शाळेत आहेत. माझ्या पोटात गोळाच आला.

डिलीट केल्यावर कॉम्प्युटर अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी खोडतो. पान तसंच राहतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. अमेरिकेत एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी वापरलेल्या 158 हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. 2003 साली तो अभ्यास छापून आला. चालू होत्या 129, त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त 12!

लिनक्सवर 'श्रेड' ही आज्ञा आहे. ती फाइलीवर तीन वेळा भलताच मजकूर गिरवते. जुन्या, फिरत्या चकतीच्या डिस्कवर हे सहसा चालतं. नव्या एसएसडीत नवं लिखाण वेगळ्याच जागी जातं आणि जुनं मागे उरू शकतं, तिथे श्रेडवर विसंबू नका. त्यापेक्षा लिनक्स बसवतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून पासवर्ड लावावा. (पेन ड्राइव्हवरच्या आणि मेलमधल्या प्रती कोण पुसणार, हा प्रश्न उरतोच.)

यावर आमच्यात वाद झाला. "गावात सगळ्यांना सगळं माहीत असतंच की!" असेल. पण म्हणून तिच्या सहीचा अर्ज दिराच्या हाती पडावा का? 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो काय फक्त शहरातल्यांसाठी? कोर्टात प्रकरण चालू असेल तर एक अक्षरही पुसायचं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागताना तिला तोच कागद लागेल. बाकीचं किती दिवस ठेवायचं, ते तिला विचारून ठरवा. आपल्या अहवालांच्या हौसेपायी साठवू नका.

शाळेला आम्ही नवी डिस्क घालून कॉम्प्युटर दिला. तो खर्च कोणत्या सदरात दाखवायचा, यावर आमच्या खजिनदारबाई अजून अडून बसल्या आहेत.